बनाबाईचं खालचं वावर

शिवऱ्यात बनाबाईला बसलेलं पाहिलेला माणूस शोधून सापडणार नाही. चहा ती उभ्यानं पिते. भाकरी निम्मी ताटात खाते आणि उरलेली हातात घेऊन गोठ्यात जाते. कीर्तनाला गेलीच तर मंडपाच्या कडेला उभी राहते, म्हणजे अभंग चालू असताना घरी जाऊन म्हशींना पाणी दाखवून परत येता येतं. तिच्या पायाला भिंगरी लावूनच देवानं खाली पाठवलंय, असं तिचा चुलत दीर सावळाराम म्हणतो. सावळाराम स्वतः बसण्यात वस्ताद असल्यामुळे त्याला हे जास्त जाणवत असावं.

तिचं माहेर पालीचं, राजगडाच्या पायथ्याचं. सोळाव्या वर्षी ती लग्न होऊन हमरस्त्याकाठच्या या गावात आली. मुलगा सोमनाथ नववीत असताना नवरा गेला. पाठोपाठ भावकीत वाटण्या झाल्या आणि ज्याला कुणी हात लावत नव्हतं ते ओढ्याकाठचं खालचं वावर तिच्या गळ्यात पडलं. वर घराला लागून तिचा चांगला तुकडा होता, पण तो लहान. खालचं वावर मोठं आणि बिनकामाचं. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला रस्त्याचा उंच भराव, आणि त्या भरावाची मुरमाड माती पावसागणिक वावरात उतरलेली. भात पेरलं तर वीतभर वाढायचं आणि पिवळं पडायचं. ‘बाईला चांगलं गंडवलं,’ असं लोक तिच्यासमोरच बोलायचे. दुसरी कुणी रडत बसली असती. ही बसणार कशी? तिनं ते वावर मनावर घेतलं. बारा वर्षं शेणखत, पालापाचोळा, तळ्यातला गाळ, जे मिळेल ते डोक्यावरून वाहून तिनं त्या मातीत घातलं. लेकरापेक्षा जास्त माया तिनं त्या वावरावर केली. हे सोमनाथच म्हणतो, आणि तो काही तक्रार म्हणून म्हणत नाही.

थंडीच्या दिवसांत फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन भोरवरून वरंधा घाटानं कोकणात उतरतात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतात. दोनशे मेंढरं दोन रात्री वावरात बसली की लेंडी आणि मूत असं मुरतं की सालभर दुसऱ्या खताचं नाव काढायला नको. त्या बदल्यात धनगराला ज्वारी-तांदूळ द्यायचे, पाणी-सरपण द्यायचं. गेनू आणि त्याची बायको ठकू यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, बकऱ्या, घोडं असा सगळा तळ, आठ वर्षं बनाबाईकडे बसत होता, पण दर साली वरच्या वावरात. खालचं वावर गेनूला पसंत नव्हतं. ‘ताई, तितं जनावराला पळायला वाट न्हाई,’ असं तो म्हणायचा. खरंच होतं ते. वर यायची एकच वाट, आणि तीही ओढ्याच्या काठाकाठानं.

त्या साली बनाबाईनं आणखी एक काम केलेलं होतं. दिवाळी झाली की गावकरी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्याला बंधारा घालतात. पाणी अडतं आणि त्यावर सात घरांचा कांदा-गहू निघतो. या खेपेला बनाबाईनं दारोदार फिरून, लोकांना अंथरुणातून उठवून, बंधाऱ्यावर पोत्यांचे दोन थर जास्तीचे चढवून घेतले. पाणी पार तिच्या खालच्या वावराच्या बांधाला येऊन भिडलं. आता वावरात मेंढरं बसवायची, मग उन्हाळी भुईमूग टाकायचा आणि ज्यांनी वाटणीत हसून घेतलं त्यांना शेंगांचा ढीग दाखवायचा, असा तिचा बेत ठरला होता.

गेनू आला तो नोव्हेंबर सरता सरता. दोन रात्री वरच्या वावरात बसला. सोमवारी बनाबाईनं त्याला गाठलं.

“गेनूदादा, अवंदा खाली बसवा. दोनच रात्री.”

“नको ताई. उद्या निगतो. मेंढरं आठ दिसांमागं कातरल्यात, अंगावर लोकर न्हाई. घाट उतरून ऊबंला गेल्यालं बरं.”

“दोनच रात्री म्हणते ना! आठ सालात कदी मागितलं का काय? पायलीभर तांदूळ जास्तीचा देते.”

ठकू वाघर गुंडाळत होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, अशीच ती मान होती. पण गेनू भिडस्त. आठ वर्षं या बाईच्या दारचं पाणी प्यालेला माणूस. तो म्हणाला, “बरं, सांच्याला बगू.”

संध्याकाळी सोमनाथचा फोन आला. तो शिरवळला कारखान्यात, तिथंच खोली करून राहतो. “आई, परवापासनं लई पाऊस सांगितलाय. गार वारं बी हाय म्हणं. मोबाईलवर सारकं येतंय. मेंढरं हायत ना आपल्याकडं? त्यान्ला सांग, लवकर निगा म्हणावं.”

“सांगते,” बनाबाई म्हणाली.

ती सांगायलाच निघाली होती, हे इथं स्पष्ट सांगितलं पाहिजे. पायात चप्पल घालून ती वावरात गेली. गेनू बांधावर उभा राहून पश्चिमेकडे पाहत होता. राजगडाच्या अंगाला आभाळ करडं झालेलं होतं. गेनूचा फोन साधा, आणि तोही चार्जिंगला बनाबाईच्या घरात लावलेला. तिला पाहून तो म्हणाला, “ताई, तुमच्या डोंगरावरचं आभाळ तुमाला ठावं. कसं वाटतंय? आमी आपले दुष्काळी मुलखातले.”

पालीत जन्मलेल्या बाईला त्या डोंगरावरचं आभाळ कळत नाही असं कसं होईल? बनाबाईनं आभाळ पाहिलं. मग तिची नजर खाली गेली, त्या मोकळ्या पडलेल्या, तांबड्या, बारा वर्षांच्या वावरावर.

“काय न्हाई,” ती म्हणाली. “धुई हाय. सकाळच्याला उठंल.”

धुई म्हणजे नुसतं धुकं. गेनूनं मान डोलावली आणि मेंढरं खाली घातली.

मंगळवारचा दिवस तिनं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. पाऊस नव्हता, नुसतं कुंद. तिनं गोठा दोनदा झाडला. भांडी घासलेली होती ती परत घासली. तासातासाला खाली जाऊन यायची. मेंढरं निवांत रवंथ करत बसलेली, कोकरं एकमेकांवर उड्या मारत होती, आणि वावरभर काळ्या लेंड्यांचा सडा पडलेला. तो पाहून तिला आनंद व्हायचा आणि दुसऱ्याच क्षणी ती मान वर करून आभाळ बघायची. सोमनाथनं परत फोन करून विचारलं, “सांगितलंस ना?” ती म्हणाली, “व्हय व्हय, सांगितलं.” सोमवारचं खोटं गेनूशी होतं, हे पोटच्या पोराशी. एका खोट्याला दुसरं खोटं लागतंच, त्यात नवल नाही. नवल हे, की संध्याकाळी ठकू पाणी न्यायला आली तेव्हाही बनाबाईनं तिला पावसाचं सांगितलं नाही. एकच रात्र राहिली आहे, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

बुधवारी उजाडताना पाऊस सुरू झाला. पावसाळ्यातला पाऊस वेगळा, त्याला अंगाची सवय असते. हा बर्फासारखा गार, बारीक, आडवा, आणि वाऱ्यासकट. थांबायचं नावच नाही. दहा वाजेपर्यंत मेंढरांनी घोळका केला, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसली आणि तशीच उभी राहिली. कातरलेल्या अंगांवरून पाणी निथळत होतं. गेनू हाकलत होता, ठकू ओढत होती, पण गारठलेलं मेंढरू पाय उचलत नाही. दहा पुढे सरकवली की आठ माघारी. वावरात घोट्याएवढा चिखल झालेला.

दुपारी बाराच्या सुमारास डोंगरावरचं पाणी ओढ्याला उतरलं. दोन थर जास्तीचे चढवलेला तो बंधारा त्याला पुढे जाऊ देईना. पोत्यांवरून थोडं पाणी सांडत होतं, बाकीचं मागे फुगत होतं. बनाबाई डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन धावत आली तेव्हा काठची वाट गुडघाभर पाण्याखाली गेली होती. मागे रस्त्याचा उभा भराव. पुढे पाणी. मधे दोनशे मेंढरं, आणि बांध ओलांडून पाणी वावरात शिरायला लागलेलं.

“ताई!” गेनू पलीकडून ओरडला. “पानी वाढाय लागलं!”

तिनं कमरेचा विळा काढला आणि बंधाऱ्याकडे पळाली.

कमरेइतक्या पाण्यात ती उतरली. थंडीनं तिचा श्वास अडकला. वरचं पोतं ओढायला गेली तर ते मुळीच हलेना. ओली माती भरलेलं पोतं म्हणजे दोन गड्यांचं काम. ही साठीला टेकलेली बाई. तिनं पोत्यावर विळा चालवला. माती भसकन बाहेर पडली. दुसरं पोतं फाडलं, तिसरं फाडलं. हात बधिर झाले, विळा दोनदा निसटला. ज्यांच्या दारी जाऊन तिनं ही पोती भरून घेतली होती, त्या सात घरांचा कांदा त्या पाण्यावर उभा होता. त्यात सर्वांत मोठं रान सावळारामचं.

आणि सावळाराम आलाच. छत्री उलटी झालेली, धोतर चिखलानं भरलेलं. “वैनी! डोकं फिरलं का काय तुमचं? माजा अर्धा एकर कांदा हाय त्या पान्यावर! बाहेर या आदी!”

“मेंढरं बुडत्यात भावजी!”

“धनगर नेईल की हाकलून!”

“वाट बुडाली! डोळं हायत का तुमाला?”

सावळारामनं पलीकडे पाहिलं. ठकूनं दोन कोकरं खांद्यावर घेतली होती आणि तिसरं दातांत पदर धरून पोटाशी बांधत होती. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलेलं. सावळारामनं एक कचकचीत शिवी हासडली. ती आभाळाला होती, वहिनीला होती की कांद्याला, ते कळलं नाही. मग त्यानं छत्री फेकून दिली.

“वरची काय कापताय? खालचं काप, खालचं! बुडातलं पोतं गेलं की सगळं आपसूक जाईल!”

आयुष्यात पहिल्यांदा तो वहिनीला एकेरी बोलला, आणि पाण्यात उतरला.

दोघांनी मिळून बुडाची दोन पोती फोडली. बंधारा मधोमध फुटला आणि पाणी जोरात निघून गेलं. तासाभरात काठची वाट उघडी पडली. गेनूनं पुढे बकऱ्या घातल्या, म्हाताऱ्या बोकडाच्या कानाला धरून त्याला ओढलं, आणि मेंढरं एकेक करत निघाली. बनाबाईनं आपल्या म्हशी गोठ्यातून सोडून बाहेर चिंचेखाली बांधल्या आणि गोठा मेंढरांना दिला. पडवीत, घरात, चुलीपाशी, जिथं जागा मिळाली तिथं कोकरं ठेवली. उडवी फोडून सालभराचा पेंढा खाली अंथरला. सावळारामच्या घरून तीन चादरी आल्या. सांगायला बरं वाटतं, पण पाऊस थांबला नाही, आणि गारठा अंगात शिरलेला तो शिरलेलाच होता.

गुरुवारी दुपारी ऊन पडलं. चिंचेखाली सतरा मेलेल्या मेंढ्या ओळीनं आणून ठेवल्या होत्या. पाण्यात एकही गेली नव्हती. सगळ्या थंडीनं गेल्या. पंचनाम्याला तलाठी आले, गुरांचे डॉक्टर आले, पाठोपाठ अर्धं गाव. बनाबाई चहाचं भगुनं घेऊन माणसांतून फिरत होती. तिला एका जागी उभं राहवत नव्हतं, आणि ठकूच्या समोर तर जाववतच नव्हतं.

तलाठ्यानं लिहिता लिहिता गेनूला विचारलं, “पावसाचा इशारा होता की चार दिवस आधीपासून. तुम्हाला कळलं नाही का?”

“न्हाई सायेब,” गेनू म्हणाला. दोन दिवसांत त्याचं तोंड उतरून गेलं होतं. “आमच्याकडं तसला फोन न्हाई. कुनी सांगितलं असतं तर सोमवारीच निगालो असतो.”

बनाबाईच्या हातातलं भगुनं थांबलं. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. सोमनाथ शिरवळला होता. पंचनामा झाला असता, धनगर निघून गेले असते, आणि मेंढरांसाठी बंधारा फोडणारी बाई म्हणून गावानं तिचं नाव घेतलं असतं. सकाळपासून दोघाचौघांनी ते घेतलंही होतं. तेच तिला सोसत नव्हतं.

“मला म्हाईत हुतं,” ती म्हणाली.

तलाठ्यानं वर पाहिलं.

“सोमनाथनं सोमवारीच फोनवर सांगितलं हुतं. सांगायला म्हणून गेले बी हुते. गेनूदादांनी मला आभाळाचं इचारलं, आन् म्या म्हणलं, धुई हाय. खत पायजे हुतं मला.” तिनं भगुनं खाली ठेवलं. “खालच्या वावराला खत पायजे हुतं.”

सावळाराम खाली मान घालून पायानं माती उकरत राहिला. गेनू तिच्याकडे बघत होता, रागानं नाही, तर ओळख पटत नसल्यासारखा. ते तिला शिवीपेक्षा लागलं. ठकू मेलेल्या मेंढीच्या कानातला बिल्ला काढत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि मग परत चालू झाला.

वाडा संध्याकाळच्या आत हलला. बनाबाईनं तांदळाचं पोतं बाहेर आणून ठेवलं होतं, ते गेनूनं घोड्यावर घातलं नाही. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या.” एवढंच. निघताना ठकू मात्र तिच्या दारात आली. पदरात चार कोकरं होती, आठ-दहा दिवसांची. बनाबाईनं मनाची तयारी केली. ठकूनं शिव्या घालाव्यात, झिंज्या धराव्यात, अशी तिची मनापासून इच्छा होती.

ठकूनं कोकरं तिच्या पायाशी सोडली. “ह्यांच्या आया त्या चिंचेखाली हायत. घाटात ह्यांचा निभाव लागायचा न्हाई. बाटलीनं दूद पाजा, थोडं थोडं, दिवसातनं पाच-सा टायमाला. माघारी येताना नेऊ.”

“माज्याकडं?” बनाबाईला खरं वाटेना. “माज्याकडं कशी ठेवता?”

“मग कुनाकडं ठेवू?” ठकू म्हणाली आणि निघून गेली.

त्या हिवाळ्यात बनाबाई रानात कमी आणि पडवीत जास्त दिसली. म्हशीचं दूध कोमट करून ती बाटलीनं पाजायची. एक कोकरू तिसऱ्याच दिवशी गेलं. तेव्हा ती हमसाहमशी रडली, नवरा गेला तेव्हा रडली नव्हती तितकी. बंधारा परत घातला, पण पाणी निम्मंच साठलं आणि सात घरांचा कांदा सुपारीएवढाच झाला. तिनं सातही घरी जाऊन माफी मागितली. दोन घरांनी दार लावून घेतलं. खालच्या वावरात तिनं काहीच टाकलं नाही. तिथं कमरेइतकं गवत माजलं, इतकं हिरवं की रस्त्यावरून जाणारे लोक वळून बघायचे. ती मात्र तिकडे फिरकली नाही.

मे महिन्याच्या अखेरीला वाडा माघारी आला. बनाबाईच्या वावरात नाही, सावळारामच्या वावरात बसला. ठकू कोकरं न्यायला आली. तिन्ही चांगली दणकट झालेली. ठकूनं त्यांचे दात पाहिले, पोट दाबून पाहिलं. “चौथं?” तिनं विचारलं. “ऱ्हायलं न्हाई,” बनाबाई म्हणाली. ठकूनं मान हलवली आणि तिघांना कळपात नेऊन सोडलं.

ती तिघं तिथं थांबतील तर ना! सकाळी वाडा हलला आणि कळप सोडून तिन्ही बनाबाईकडे धावत परत आली. ठकूनं नेली, परत आली. गेनूनं हाकलली, परत आली. त्यांना मेंढरू म्हणजे काय ते माहीतच नव्हतं, आई म्हणजे बनाबाई. शेवटी बनाबाईनं चप्पल घातली आणि कळपाच्या मधोमध चालू लागली. तिघं मुकाट तिच्या दोन्ही अंगांनी चालली. पुढे गेनू, मागे घोडं घेऊन ठकू, मधे ही. कासुर्डी मागे पडली. ऊन तापलं होतं. कापूरहोळ आलं तसं कोकरांनी बाजूच्या मेंढरांना हुंगायला सुरुवात केली. एक मागे राहून दुसऱ्यांबरोबर चरू लागलं. मग दुसरं. तिसरं बराच वेळ तिच्या पदराशी घुटमळत होतं, तेही अखेर गेलं.

“ताई, आता मागं फिरा,” ठकू म्हणाली. “तुमी दिसलात तर परत येत्याल.”

सहा महिन्यांनी आलेला तो ‘ताई’ ऐकून बनाबाईला भडभडून आलं. तिनं कसंबसं विचारलं, “अवंदा दिवाळीनंतर… बसाल का हो आमच्याकडं? वरच्या वावरात?”

ठकूनं पुढे चाललेल्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं.

“बसू,” ती म्हणाली. “पन आबाळाचं तुमाला इचारनार न्हाई.”